अंगणातील इंजिन

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात. यंत्र कोणी शोधले, कोणत्या साली घडले, वर्षाला किती नग बाहेर पडले, एवढे नोंदवले की त्यांचे काम संपते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र खरा इतिहास तेथून पुढे सुरू होतो. ट्रॅक्टर घरी येऊन काही वर्षे लोटली की त्याचे इंजिन धूर ओकू लागते, तेल पिऊ लागते, भरलेली ट्रॉली चढावर ओढताना धापा टाकते. मग एखाद्या उन्हाळ्यात ते अंगणात उतरवून, खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडावे लागते. तामसीच्या परिसरात आणि एकंदर पैनगंगेच्या काठावरील जुन्या मराठी घरांत हे काम दोन-तीन पिढ्या चालत आले आहे. त्यात घरातील प्रत्येकाचा हात लागलेला असतो. तथापि त्याची बखर कोणी लिहिली नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, परदेशी आराखड्यांवर घडलेला ट्रॅक्टर आपल्या मातीत रुजला तो प्रामुख्याने या घरगुती दुरुस्तीमुळे. आणि ती दुरुस्ती साधली ती कुटुंबाने मिळून केली म्हणून.

मराठी मुलखातील लोखंडी अवजारांची कथा किर्लोस्करांपासून सांगण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केला, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज तेव्हा शेतकऱ्यांत दृढ होता, त्यामुळे पहिले नांगर विकले जाण्यास बराच काळ लागला. १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. नांगराच्या कारखान्याच्या पोटी मराठीतील एक महत्त्वाचे मासिक जन्मास यावे, ही गोष्ट साहित्य संस्थेच्या सभासदांनी अवश्य ध्यानात ठेवावी अशी आहे. त्या मासिकाने यंत्राविषयीचा विश्वास शिक्षित मराठी घरांत पोहोचवला. खेड्यातील माणूस यंत्र शिकला तो मात्र निराळ्या वाटेने, छापील अक्षराच्या फारशा मदतीवाचून.

ती वाट ऑइल इंजिनाची. ट्रॅक्टरच्या पुष्कळ आधी विहिरीवर, पिठाच्या गिरणीत आणि सरकी काढण्याच्या कारखान्यांत एका सिलिंडरची इंजिने आली. लिस्टर, रस्टन ही नावे विलायतेतून आली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे राजकोटकडील कारखान्यांनी लिस्टरच्या धर्तीची इंजिने स्वस्तात बनवली. या इंजिनांची चाल संथ, एका मिनिटाला सुमारे साडेसहाशे फेरे. भाग मोजके, मोठे आणि डोळ्यांना दिसणारे. हँडल मारताना दाब हाताला कळे. झडप उघडल्या-मिटल्याचा आवाज कानाला कळे. ज्या घरात असे इंजिन होते, त्या घरातील एखादा मुलगा हमखास त्याच्या रिंगा बदलायला शिकला. पुढे ट्रॅक्टर खोलण्यास ज्यांचे हात धजावले, त्यांतील अनेकांची मुळाक्षरे या पंपाच्या इंजिनावर गिरवलेली होती.

ट्रॅक्टर भारतात आला तो प्रथम सरकारी कामासाठी. १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. महायुद्ध संपल्यावर मागे राहिलेल्या अमेरिकी यंत्रांवर तिने आरंभ केला आणि मध्य भारतातील कास या चिवट गवताने व्यापलेली जमीन मोडून काढण्याचे काम हाती घेतले. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला दिलेल्या आरंभीच्या कर्जांपैकी एक याच कामाच्या यंत्रांसाठी होते. १९५१ च्या सुमारास साऱ्या देशात साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. देशात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ पासून. त्या वर्षी फरिदाबादला आयशरने जर्मन धर्तीचा ट्रॅक्टर आणला. १९६० साली मद्रासेत टाफे स्थापन झाली, १९६१ मध्ये एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्ससशी हातमिळवणी केली, १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची संयुक्त कंपनी मुंबईत निघाली. १९६१-६२ या वर्षातील देशाचे एकूण उत्पादन होते अवघे ८८० ट्रॅक्टर. १९७१ मध्ये पिंजोरच्या एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉर पद्धतीचा ट्रॅक्टर काढला, आणि १९७४ मध्ये दुर्गापूरच्या संशोधन संस्थेतील आराखड्यावर पंजाबात ‘स्वराज’ बनू लागला. एखाद्या गावच्या वेशीवर चार घरांचे चार ट्रॅक्टर उभे असले, तर ते चार देशांच्या अभियांत्रिकीचे संमेलनच असे. प्रत्येकाचे आटे निराळे, पाने निराळे, सुटे भाग निराळे.

या संमेलनाला आपल्या भागात आणखी एक पदर होता. आदिलाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आदिलाबादपैकी किनवट आणि राजुरा हे भागही तिकडे गेले, आणि तामसीसह उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मराठी घरांची सोयरीक पैनगंगेपलीकडे, कापसाचा बाजार आदिलाबादला, कर्जाचे कागद तेलुगूत किंवा इंग्रजीत, ट्रॅक्टरसोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि मिस्त्रीची बोली दखनी. अशा ठिकाणी यंत्र समजून घ्यायचे तर वाचण्यापेक्षा उघडून पाहणे सोपे होते.

घरीच खोलण्यामागची कारणे भावनिक नव्हती. साठीच्या दशकात ट्रॅक्टरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परदेशातून आलेल्या कित्येक जातींचे सुटे भाग मिळत नसत. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर ट्रॅक्टरला कर्ज मिळणे सुकर झाले खरे, परंतु कर्ज यंत्राच्या खरेदीला मिळे, त्याच्या म्हातारपणाला नव्हे. अर्ध्या इंजिनाचे काम असो की पूर्ण इंजिनाचे, त्याचा खर्च कापसाच्या पट्टीतूनच निघायचा. वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर टाकला तर मजुरी लागे, शिवाय तो कधी परत येईल याची शाश्वती नसे. मृगापूर्वी तो शेतात हवा म्हणजे हवा. त्यामुळे चैत्री पाडव्याला सालगड्यांचे करार बदलले, पऱ्हाटी उपटून झाली की वैशाखात इंजिन उतरे. इंजिन बांधणे म्हणजे नवे कर्ज आठ-दहा वर्षे पुढे ढकलणे होते. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरात त्या आठ-दहा वर्षांची किंमत किती, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

इंजिने झिजतात तीही आपल्या मातीच्या पद्धतीने. उन्हाळी नांगरटीत काळ्या मातीचा जो बारीक भुगा उडतो, तो हवेच्या गाळणीतील तेल वेळेवर बदलले नाही तर सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि सहाणेसारखे काम करतो. हंगामात कापसाचे तंतू रेडिएटरच्या जाळीवर नमदा धरतात, हवा अडते, इंजिन तापते. मग लक्षणे दिसू लागतात. त्यांचे निदान घरातील जाणती माणसे धुरावरून करीत: निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही, पांढरा म्हणजे डिझेल अर्धवट जळते आहे किंवा पाणी शिरले आहे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून पाहिला की कोणता सिलिंडर निकामी आहे तेही कळे. ज्याची नळी सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो आजारी. नाडीपरीक्षेसारखीच ही रीत, आणि तीही ऐकूनच शिकायची.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणादाखल आमच्या घरचा ट्रॅक्टर घेतो, कारण त्या जातीचे ट्रॅक्टर या भागात पुष्कळ आहेत. मद्रासेत बनलेला, पस्तीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा मॅसी फर्ग्युसन. घेतला तेव्हाच जुना. त्याच्या इंजिनाचे मूळ इंग्लंडमधील पीटरबरोच्या पर्किन्स कारखान्यात. १९३२ साली स्थापन झालेला हा कारखाना १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसनने घेतला. मद्रासेत या इंजिनांचे उत्पादन सिंप्सन कंपनीने केले. या ट्रॅक्टरला निराळा सांगाडा नसतो. पुढचा आस, इंजिन आणि गिअरपेटी एकमेकांना बोल्टांनी जोडलेली असतात व तीच त्याची पाठ असते. म्हणून इंजिन काढायचे म्हणजे ट्रॅक्टर मधोमध तोडायचा. गिअरपेटीखाली बाभळीचे ओंडके रचायचे, तीन बल्ल्यांची तिकटी उभारायची, तिला साखळीची कप्पी टांगायची. येथपर्यंतचे काम बळाचे, आणि त्याला भावकीतील चार माणसे न बोलावता येत.

पुढचे काम नेमकेपणाचे. आदल्या दिवशी आजी अंगण सारवून घेई. धूळ बसावी म्हणून पहाटे सडा पडे. खोलताना निघणारा प्रत्येक भाग कोठून निघाला हे लक्षात ठेवणे हा या कामाचा कणा. एका सिलिंडरचा दांडा दुसऱ्याला बसत नाही, एका झडपेची बैठक दुसरीची नव्हे. यासाठी घरातील पराती, पत्र्याचे डबे आणि धान्याची मापे कामी येत. एक, दोन, तीन अशा खुणा खडूने घातलेल्या असत. सोबत एक वही असे. थोरले काका सांगत आणि धाकटी काकू लिहून घेई: कोणता बोल्ट लांब, कोणता आखूड, पिस्टनवरील खूण पंख्याकडे, टायमिंगच्या चाकांवरील ठिपके समोरासमोर. जमाखर्चाच्या लाल वहीच्या मागील पानांवर सुरू झालेली ही नोंद पुढच्या वेळी पुस्तिकेहून अधिक उपयोगी पडली, कारण ती आमच्याच इंजिनाची आणि आमच्याच भाषेत होती.

भाग धुण्याचे काम मुलांचे. डिझेलमध्ये बुडवून, तारेच्या ब्रशने काजळी खरवडून, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे. फडके जुनेच हवे, अनेक धुण्यांनी त्याचे सूत झडून गेलेले. नव्या कापडाचा एखादा तंतू तेलाच्या वाटेत अडकला तर बेअरिंग कोरडे पडते. कापसाच्या मुलखात कापसाचाच तंतू येथे वैरी ठरतो, याची आम्हा मुलांना मोठी गंमत वाटे.

मग मोजमाप. सिलिंडर सर्वांत अधिक झिजतो तो वरच्या भागात, जेथे पहिली रिंग वर-खाली होताना थांबते. खालचा भाग जवळजवळ कोरा राहतो. ही झीज मोजण्याचे महागडे उपकरण कोणाच्याच घरी नव्हते. त्यावर तोड अशी: एक नवी रिंग सिलिंडरमध्ये खाली सरळ बसवायची, तिच्या दोन टोकांमधील फट पातळ पत्त्यांच्या गेजने मोजायची, मग तीच रिंग वर आणून पुन्हा फट मोजायची. दोहोंतील फरकाला बावीस सप्तमांशाने भागले की व्यासातील झीज मिळते. फरक ०.४४ मिलिमीटर आला तर झीज ०.१४ मिलिमीटर, मिस्त्रीच्या हिशेबात साडेपाच ‘थाऊ’. शाळेत वर्तुळाचा परीघ घोकणाऱ्या मुलाला घरात असे काम मिळे, आणि परिघाचे सूत्र त्याच्या डोक्यातून मग जन्मभर जात नसे.

घराच्या मर्यादाही येथेच कळत. या इंजिनाचे लायनर सिलिंडरमध्ये घट्ट दाबून बसवलेले असतात. ते काढण्या-बसवण्यास दाबयंत्र लागते. क्रँकची घासण, हेडचे सपाटीकरण हीदेखील लेथवाल्याचीच कामे. ब्लॉक आणि क्रँक बैलगाडीत किंवा शेजाऱ्याच्या ट्रॉलीत घालून आदिलाबादला जात. क्रँक दहा थाऊ घासला तर बेअरिंग ‘दहाचे’, वीस घासला तर ‘वीसचे’. एका खेपेस दुकानातून आणलेल्या बेअरिंगच्या डबीवर एक माप आणि आतील पत्र्यावर दुसरेच निघाले. वडिलांनी ते बसवण्याआधी मागील शिक्का वाचला म्हणून क्रँक वाचला. दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिले. तेव्हापासून वहीत एक ओळ वाढली: डबी वाचू नये, शिक्का वाचावा.

झडपा घासणे हे या सर्व कामातील सर्वांत चिवट आणि सर्वांत सुंदर काम. झडपेच्या कडेला खरखरीत मलम लावायचे, तिच्या माथ्याला रबरी टोपीची काठी चिकटवायची आणि ती काठी दोन्ही तळहातांत धरून मागेपुढे फिरवायची. मध्येच उचलून थोडी जागा बदलायची, पुन्हा फिरवायची. पुरुष घाईने जोर लावत आणि कडा वेडीवाकडी घासली जाई. ताक घुसळून ज्यांचे मनगट तयार झाले होते, त्या आई आणि काकू हे काम सहज करीत. बैठकीवर सर्व बाजूंनी सारख्या रुंदीची करडी रेघ उमटली की झाले. परीक्षा साधी: झडपेच्या मागील पोकळीत रॉकेल ओतायचे, काही वेळाने कडेने ओल आली नाही, तर झडप बसली. चहाच्या वेळेपर्यंत रॉकेल टिकले की अंगणातील वातावरणच बदले.

जोडणीच्या दिवशी स्वयंपाकघरही कामाला लागे. पिस्टनची पिन बसत नसेल तर पिस्टन कढत पाण्यात धरायचा. ॲल्युमिनियम लोखंडाहून अधिक प्रसरण पावते, भोक किंचित वाढते आणि पिन बोटाने सरकते. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. हेडचे नट मधून सुरुवात करून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळायचे. टॉर्क पाना कधी मिस्त्रीकडून उसना येई. झडपांची फट थंड इंजिनात बारा थाऊ. शेवटी डिझेलच्या वाटेतील हवा काढायची: स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा, फेसाळ डिझेल स्वच्छ धारेत येईपर्यंत. सुरू झाल्यावर पहिली नजर तेलाच्या काट्याकडे. पहिले काही दिवस इंजिनावर जड काम टाकायचे नाही, आणि पन्नासेक तासांनी तेल बदलायचे. नव्या बाळंतिणीसारखे त्याला जपा, असे आजी म्हणे.

या साऱ्यात मिस्त्री कोठे होता? तो होताच. घरगुती दुरुस्ती म्हणजे मिस्त्रीवाचून दुरुस्ती असा समज कोणी करून घेऊ नये. दोन किंवा तीन दिवस तो येई: खोलल्यावर निदानाला, बेअरिंग बसवताना, आणि डिझेल पंपाचे टायमिंग जुळवताना. मधले पंधरा दिवस घराचे. बहुधा तो मुसलमान उस्ताद किंवा तेलुगू भाषक कारागीर असे, आणि त्याच्यासोबत आलेला शब्दसंग्रह आमच्या घरात राहून गेला. स्क्रूच्या ‘आट्यां’ना तो ‘चूडी’ म्हणे, नटाला ‘ढिबरी’. इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’. तेलुगू शागीर्द ‘बिगिंचु’ म्हणाला की आवळायचे, ‘वदुलु’ म्हणाला की सैल सोडायचे, ‘नूने’ म्हणाला की तेलाचा डबा पुढे करायचा. इंग्रजी हजाराव्या भागाचा ‘थाऊ’ झाला. आमच्या वहीत हे सर्व शब्द बाळबोध अक्षरांत शेजारी शेजारी नांदत होते. राज्यांच्या सीमा भाषेवरून आखल्या गेल्या. या वहीला मात्र चारही भाषा लागल्या, कारण इंजिन बांधायला चारही लागत होत्या. सीमाभागातील मराठीचा इतिहास लिहिणाऱ्याने कवितांच्या वह्यांबरोबर अशा वह्याही पाहाव्यात असे मला वाटते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एरवी हा लेख स्वतःची आरती ठरेल. पहिली अशी की, बायकांचे काम या कथेत नेहमी ‘मदत’ म्हणून मोजले गेले. झडपा त्यांनी घासल्या, नोंद त्यांनी ठेवली, भागांचा क्रम त्यांनी सांभाळला; तरी ‘इंजिन कोणी बांधले’ या प्रश्नाला गावात पुरुषाचेच नाव मिळे. ट्रॅक्टरच्या आसनावर मुलींना क्वचितच बसू दिले गेले. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. ज्या ट्रॅक्टरला जिवंत ठेवण्याचा अभिमान आपण बाळगतो, त्याने सालगड्यांचे आणि बैलजोड्यांचे काम कमी केले. आपण येथे वसलेली घरे आहोत. १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी, बाहेरून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्तीमुळे गोंड कुटुंबांच्या हातून जमिनी कशा जात होत्या, याची नोंद केली आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे पंजी लावून जी रुंद शेते आपण नांगरली, त्यांचा इतिहासही या इंजिनाच्या इतिहासाला जोडलेला आहे. अंगणातील कौशल्य खरे, आणि हेही खरे.

तरीही त्या कौशल्याचे मोल कमी होत नाही. एचएमटीचा दाखला घ्यावा. ज्या कारखान्याने १९७१ पासून झेटॉर पद्धतीचे ट्रॅक्टर देशभर पोहोचवले, तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली केंद्र सरकारने घेतला. कारखाना गेला, पण त्याचे दोन सिलिंडरचे जुने ट्रॅक्टर त्याच दिवशी भंगारात गेले नाहीत. कोणी लायनर जमवले, कोणी दुसऱ्याच्या मोडक्या इंजिनातून क्रँक काढला, कोणी लेथवर बुश वळवून घेतले, आणि ते चालत राहिले. बनवणारा संपल्यावरही वस्तू टिकते ती ज्यांना ती खोलता येते त्यांच्यामुळे. परावलंबन आणि स्वावलंबन यांवर सभांतून पुष्कळ बोलले जाते. त्याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आता यंत्र बदलते आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी डिझेलचा दाब आणि वेळ संगणकी नियंत्रणाखाली आली. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. अंगणात निळा धूर गिळत मोठे झालेल्यांनी त्याविषयी तक्रार करू नये. परंतु अशा इंजिनाचे दुखणे शोधण्यास कान पुरत नाहीत, कंपनीचे उपकरण लागते. देशात आता वर्षाला लाखो ट्रॅक्टर विकले जातात. हप्ते भरण्याची सोय आहे, आणि जुने इंजिन बांधण्यापेक्षा ट्रॅक्टर बदलून घ्या असे सांगणारा माणूस घरी येतो. कित्येकदा त्याचे म्हणणे हिशेबाने बरोबरही असते. क्रँकला चीर गेली असेल, ब्लॉक फुटला असेल, तर हट्टाने केलेली दुरुस्ती ही उधळपट्टीच. मात्र तो हिशेब तपासायचा तर घरात इंजिन समजणारे कोणीतरी असावे लागते. ते नसले की आपण समोरच्याच्या शब्दावर सही करतो. खरा धोका आहे तो येथे. जुने यंत्र गेले तर त्याच्या जागी नवे येते; ते पारखण्याची शक्ती मात्र एका पिढीत जाऊ शकते आणि ती विकत मिळत नाही.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे एक छोटी सूचना ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, देवळीत, बियाण्याच्या पोत्यांखाली अशी एखादी तेलकट वही पडलेली असेल. ती रद्दीत देण्यापूर्वी तिची नक्कल करून घ्यावी. वही नसेल तर घरातील ज्येष्ठांना, विशेषतः आजी-काकूंना, विचारून दोन-चार पाने लिहावीत: पहिले इंजिन कोणते, ते कोणाकडून शिकले, भाग कोणी धुतले, झडपा कोणी घासल्या, मिस्त्री कोणती भाषा बोलत असे. त्यातील शब्द, मराठी, दखनी, तेलुगू, इंग्रजीवरून आलेले, सर्व जसे उच्चारले जातात तसे अर्थासह टिपून ठेवावेत. आणि ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर अजून उभा आहे, त्यांनी येत्या वैशाखात तो खोलताना नातीला जवळ बसवून रिंगेची फट तिच्याकडून मोजून घ्यावी. बावीस सप्तमांशाचा भागाकार तिला येतोच. तो कशासाठी करायचा, एवढे दाखवून दिले की पुरे.